संपातली सावड

वाफे भरून पाणी बांधाला लागलं तरी वाटेवर एकही बाई दिसेना, तेव्हा लंकाबाई पुन्हा पुन्हा मान उंचावून बघू लागली.

पौषातली सकाळ होती. दहिवरानं बांधावरचं गवत पांढरं पडलं होतं. पुंजाआबांच्या विहिरीवरचं इंजिन उजाडायच्या आतच सुरू झालं होतं आणि आठवड्यानं येणारी तिची पाण्याची पाळी पाटानं वावरात उतरली होती. तिचे मालक सावळीराम गुरुजी लेंगा गुडघ्याच्या वर खोचून दारं धरत होते, पाणी एकेका वाफ्यात वळवत होते. कडुनिंबाखाली ओल्या गोणपाटात कांद्याच्या रोपाच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी नवराबायकोनं मिळून सगळं रोप उपटलं होतं, शेंडे खुडले होते. उपटलेलं रोप सावलीत दोन दिवस दम धरतं, मग पिवळं पडतं. पाण्याची पाळीही उद्या संध्याकाळी संपत होती. पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं म्हटलं तर रोप हाताला यायचंच नाही.

आज तिची सावड होती. करंजवाडीत कांद्याची लागण रोजानं कोणी करत नसे. सात-आठ घरच्या बाया एकत्र व्हायच्या. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या, असं करत सगळ्यांचे कांदे लावून व्हायचे. जी जितके दिवस दुसऱ्याकडं वाकली, तितके हात तिच्या वावरात यायचे. हिशेब लिहून ठेवायची गरज पडत नसे. माणूस देवाचा नवस विसरेल, पण सावड विसरायचा नाही. मार्गशीर्षापासून लंकाबाई एकेकीच्या वावरात जाऊन आली होती. चिखलात रोप दाबून दाबून उजव्या अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती, रात्री त्यावर ती एरंडेल लावायची. सगळ्यात शेवटी तिची पाळी आली होती.

वाटेवर बाया दिसल्या तेव्हा ऊन बांधावर आलं होतं. डोक्यावर भाकरीची गाठोडी, ओचे खोचलेले. ओळीनं आल्या आणि ओळीनंच पुढं निघाल्या, पुंजाआबांच्या वरच्या मळ्याकडं. सगळ्यात पुढं बायडाबाई होती. लंकाबाईच्या चुलतभावाची बायको, सावडीची म्होरकी.

लंकाबाई बांधापर्यंत चालत गेली. "वहिनी, वाट चुकल्या का? आज माझ्याकडं हाय."

बायडाबाई थांबली. मागच्याही थांबल्या. "वाट नाय चुकलो, वन्सं. तुमच्या मालकांचा संप हाय ना, मंग आमचाबी संप."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. एकीनं पदर तोंडात कोंबला. हिच्याच वावरात मागच्या आठवड्यात लंकाबाईनं दिवसभर कंबर मोडली होती.

"थट्टा नका करू. रोप उपटलंय समदं. वाफे भरलेत."

"थट्टा कोण करतंय? तुमची सावड आमच्या अंगावर हाय, ती आम्ही फेडू. नाय म्हणत नाय. शाळेची घंटा वाजली की त्याच दिवशी येऊ." बायडाबाईनं दारं धरणाऱ्या गुरुजींकडं मान वळवली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "जावई रुसलाय म्हणून लेकरं उंडारत्यात, आणि आम्ही जावयाचे कांदे लावायचे व्हय?"

बाया निघून गेल्या. पाणी वाफ्यावरून वाफ्यात पडत राहिलं.

जावई रुसला, ही त्या दिवसांतली गावाची थट्टा होती. लंकाबाई करंजवाडीची लेक. तिचा बाप गेणूबाबा. त्याला मुलगा नव्हता, दोन मुलीच. धाकटी नाशिक रोडला दिलेली. सावळीराम गुरुजी मूळचे नामपूरकडचे, करंजवाडीच्या शाळेवर मास्तर म्हणून आले आणि गेणूबाबानं लंका त्यांना दिली. बाप गेल्यावर हे दीड एकर तिच्या वाट्याला आलं. गावानं गुरुजींना जावई म्हणून वागवलं. लग्नकार्यात पहिला टिळा त्यांना, पंगतीत पाट त्यांना. पण जावई तो जावईच. वीस वर्षं झाली तरी राग आला की त्यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी बागलाणातलं 'शे' निघायचं आणि पोरं गल्लीत नक्कल करायची.

डिसेंबरात संप सुरू झाला. सबंध राज्यातले कारकून, तलाठी, शिपाई, मास्तर घरी बसले. मागणी एकच होती, की महागाई भत्ता केंद्र सरकारच्या नोकरांना मिळतो तसा आम्हालाही द्या. लंकाबाईला यातलं कळायचं ते तिच्या बहिणीवरून कळायचं. बहिणीचा नवरा गोरक्ष नाशिक रोडला प्रेसमध्ये, केंद्र सरकारच्या नोटांच्या छापखान्यात कामाला. सातवी नापास. बाजारात गोडंतेल चढलं की त्याचा भत्ता आपोआप चढायचा, कारण तो केंद्राचा माणूस. गुरुजी तेच तेल त्याच भावानं घ्यायचे आणि त्यांचा भत्ता जिथल्या तिथं. दिवाळीला बहीण यायची ती गुरुजींच्या पोरांना कापड घेऊन यायची. लंकाबाई ते घ्यायची आणि दोन दिवस कोणाशी धड बोलायची नाही.

म्हणून संप सुरू झाला तेव्हा ती काही बोलली नाही. पण एक पगार चुकला, दुसराही चुकणार असं दिसायला लागलं. रेडिओवर रोज ऐकू यायचं की कामावर या नाहीतर नोकरी जाईल. गुरुजी दोन दिवसांआड सायकलीवर सिन्नरला सभेला जायचे आणि घसा बसवून यायचे. घरात बाजरी होती, तोंडी लावायला लसणाची चटणी. कांदे हेच काय ते वर्षाचं पीक होतं, आणि या साली तर त्याच्याशिवाय दुसरा आधारच नव्हता.

ती हात धुऊन विहिरीकडं निघाली. 

पुंजाआबा इंजिनाशेजारी दगडावर बसून विडी ओढत होते. गावचे सरपंच, गेणूबाबाचे चुलतभाऊ. लंकाबाईला त्यांनी कडेवर खेळवलेली. लंकाबाईनं त्यांच्यासमोर कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता, माहेरच होतं ते. तिनं विचारलं, बायांना तुम्ही अडवलं का. आबांनी लपवलं नाही. त्यांनी विडी दगडावर विझवली आणि तिला बस म्हणाले.

मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. शाळेची खोली गावानं श्रमदानानं बांधली होती. भिंतीतला एकेक दगड आबांच्या बैलगाडीनं ओढलेला. त्यांचा नातू चौथीत होता, स्कॉलरशिपला बसायचा होता, आणि महिना झाला पाटीला हात लावला नव्हता. कौलं फुटली, शाळेत शेळ्या बसतात. मास्तरांना दर महिन्याला बांधलेला पगार, पाऊस पडो न पडो. तरी त्यांचंच रडगाणं.

"आमच्या कांद्याला भाव नाय मिळाला म्हणून आम्ही कधी कांदे लावायचे बंद केले का गं?"

लंकाबाईनं पाटातल्या पाण्याकडं पाहिलं.

"पाणी मी तोडायचो नाय," आबा म्हणाले. "विहिरीत तुझ्या बापाचा हिस्सा हाय. ते पाप माझ्या हातून व्हायचं नाय. पण हात गावाचे हायेत, पोरी. गावानं कोणाला द्यायचे ते गाव ठरवील."

मग आबांनी आवाज उतरवला. त्यांनी एक तोड काढली होती. गुरुजींनी हजेरीवर सही करू नये. वरती कोणाला कळवू नये. नुसती घंटा वाजवावी आणि दुपारपर्यंत पोरांना घेऊन बसावं. संप सरकारदरबारी चालू राहील, शाळा गावात चालू राहील. घंटा वाजली की बाया अर्ध्या वाटेवरून परत फिरतील. "दिवस मावळायच्या आत तुझे कांदे लावून व्हतील. सांग जावयाला."

लंकाबाईला ते पटलं. परत येताना तिला वाटलं, इतकी सरळ गोष्ट आहे, कोण नाही म्हणेल.

गुरुजी नाही म्हणाले.

त्यांनी पाटाचं दार मातीनं बुजवलं, फावडं रोवलं आणि ऐकून घेतलं. मग म्हणाले की सही न करता शिकवलं तरी शाळा चालूच दिसते. शेजारच्या गावातले लोक त्यांच्या मास्तरला म्हणतील, करंजवाडीची शाळा चालते, तुझी का नाही. मग तो उघडेल, मग त्याच्या पलीकडचा. भिंतीचा एक दगड काढला की भिंत उभी राहत नाही.

"शाळा बंद शे म्हणजे बंद शे," ते म्हणाले.

"आणि माझे कांदे?"

"आपण लावू."

"आपण म्हंजी मी. तुम्ही एक वाफा लावाल आणि कंबर धराल."

लंकाबाईनं मग तोंड सोडलं. तुमच्या संघटनेनं आजवर काय दिलं, पावतीपुस्तकाशिवाय. माझ्या माहेरात मला आज हसल्या, मी कधी खाली मान घातली नव्हती. बायडावहिनी म्हणते ते काय खोटं आहे. पगारासाठी तिचा माणूस नेलात, आता पगारासाठीच शाळा बंद केलीत.

हे तिनं बोलायला नको होतं. आणीबाणीत मास्तरांना हुकूम आला होता, नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस आणा, नाहीतर पगार नाही. गुरुजी घरोघर फिरले होते. बायडाबाईला दोन लेकीच होत्या. तिच्या नवऱ्याला गुरुजींनी समजावून, स्वतःच्या सायकलीवर बसवून कॅम्पला नेलं होतं. बायडाबाई त्या दिवशी माहेरी गेलेली. परत आली तेव्हा होऊन गेलं होतं.

गुरुजी बांधावर बसले. पाय चिखलात. 

"तेव्हा पगार अडवला म्हणून वाकलो," ते म्हणाले. "संघटना गप्प होती, मीही गप्प बसलो. मला माहीत होतं तिला मुलगा नाही. तरी नेलं. आता एकदा उभा राहिलोय, तर तू बस म्हणतेस."

लंकाबाईनं गोणपाट बाजूला करून जुडी उचलली. "उभे राहा. पण माझ्या बापाच्या वावरात उभं राहायचं नाय. वाका."

दिवसभर दोघं वाकली. डाव्या हातात जुडी, उजव्या अंगठ्यानं मुळी चिखलात दाबायची, चार बोटं सोडून पुढचं रोप. लंकाबाईचा हात शिवणयंत्रासारखा चालायचा. गुरुजींना रोप सुटं करायलाच वेळ लागे. थंड चिखलानं त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते वाफ्यातच पाय झाडायचे. बांधावरच्या वाटेनं गडीमाणसं उगाच येऊन जाऊ लागली. कोणी बैल पाण्यावर न्यायच्या निमित्तानं, कोणी नुसतंच. एकजण बांधावर उकिडवा बसला आणि तंबाखू मळत म्हणाला, "गुरुजी, ओळ वाकडी गेली. हात पुढं करा, छडी खायची." गुरुजींनी मान वर केली नाही. त्यांची पांढरी टोपी चिखलात पडली ती त्यांनी उचलून तशीच डोक्यावर ठेवली, चिखल कानावरून ओघळत राहिला. लंकाबाईला त्या माणसाचा राग आला आणि टोपी न झटकणाऱ्या नवऱ्याचाही आला.

दिवस कलला तेव्हा चौथा हिस्साही झाला नव्हता. जुड्यांवर तिनं पुन्हा पाणी शिंपडलं. कडेच्या जुड्यांची पात मऊ पडायला लागली होती.

तेवढ्यात भिकन गुरुजी सायकलीवर आले. तालुक्याच्या संघटनेचे चिटणीस. परवाच्या मोर्चाचा निरोप घेऊन आले होते. सावळीराम गुरुजींना तसं चिखलात बघून त्यांनी सायकल बांधाला टेकवली आणि काय झालं म्हणून विचारलं. गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितलं. भिकन गुरुजींनी न लावलेल्या वाफ्यांवरून नजर फिरवली, जुड्या बघितल्या, निरोप सांगितला आणि गेले. लंकाबाई मनात म्हणाली, बघा तुमची संघटना, बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर सायकली लागल्या. भिकन गुरुजी, आणखी चार मास्तर, आणि एकाच्या कॅरिअरवरून उतरलेल्या लताबाई. पळसवाडीच्या शाळेवर शिकवायच्या, राहायच्याही तिथंच, गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत, आईजवळ. लंकाबाईनं त्यांना सिन्नरच्या बाजारात पाहिलं होतं. किनारीचं पातळ, हातात घड्याळ. आज त्या जुनेर नेसून आल्या होत्या आणि घड्याळ काढून ठेवलं होतं.

लंकाबाईनं या बसा म्हटलं नाही. तिला आनंद झाला नव्हता. तिच्या वावरात गावच्या बाया याव्यात हे तिला हवं होतं, आणि आले होते हे. भिकन गुरुजी बांधावर उभे राहून एकजुटीबद्दल काही बोलायला लागले तेव्हा ती म्हणाली, "भाषण दुपारी. पाणी संध्याकाळी तुटतं."

सगळे शेतकऱ्यांचेच मुलगे. पण खडूची सवय झालेले हात. भिकन गुरुजी रोप असं दाबत होते की नुसता शेंडा वर दिसावा. त्यांच्या मागून लंकाबाई बघत आली आणि तिचा जीव खालीवर झाला. खोल दाबलेला कांदा पोसत नाही, लसणाएवढा राहतो. दोन वाफे त्यांनी तसे लावून टाकले होते. ती काही बोलायच्या आत लताबाई वाफ्यात शिरल्या आणि एकेक रोप दोन बोटांनी वर ओढून घेऊ लागल्या.

"भिकनगुरुजी, तुम्ही जुड्या पुरवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही लावलं तर आमचा भत्ता मिळेपर्यंतबी उगवायचं नाय."

मास्तर हसले. भिकन गुरुजी निमूट जुड्या उचलायला गेले. लंकाबाईला हसू आलं, ते तिनं गिळलं. लताबाईंचा अंगठा तिच्याइतकाच भराभर पडत होता. दोघी एकाच वाफ्यात समोरासमोर आल्या, लावत लावत मधे भेटल्या, पुन्हा नव्या वाफ्याला लागल्या. 

दुपारी बायडाबाई बांधावर आली, एकटी. कोण कोण आहे ते तिनं नीट पाहून घेतलं. लताबाईंवर तिची नजर जरा जास्त थांबली. मग ती लंकाबाईला म्हणाली की आज संध्याकाळपर्यंत आम्ही घंटेची वाट बघणार होतो, तुम्ही जरा कळ काढली असती तर बरं होतं. आता तुमची सावड निराळी झाली.

"मी कुठं निराळी केली?" लंकाबाई म्हणाली. "माझे दिवस तुमच्यापाशी हायेत, वहिनी. ते घेऊन तुम्ही बांधावर उभ्या हाय."

बायडाबाईचं तोंड लाल झालं. पण ती खाली उतरली नाही.

संध्याकाळी पाळीची वेळ टळून गेली तरी इंजिन चालूच होतं. शेवटचा वाफा भिजल्यावर ते बंद पडलं. आबा विहिरीवरून इकडं न बघता घरी गेले.

हातपाय धुऊन मास्तर सायकली काढायला लागले तेव्हा लंकाबाई त्यांच्या पुढं गेली. सावडीची माणसं वावरातून निघाली की मालकिणीनं विचारायची रीत होती, ते तिनं विचारलं. "कोणाकडं कधी यायचं?"

मास्तर एकमेकांकडं बघू लागले. भिकन गुरुजी म्हणाले की वहिनी, आम्ही सावडीनं नाही आलो, ही संघटना आहे. लंकाबाई तशीच उभी राहिली.

"बरं," भिकन गुरुजी हसून म्हणाले, "आमच्याकडं वावर नाय. लताबाईंच्या आईचे कांदे लावायचे राहिलेत. आमचे सगळ्यांचे दिवस त्या म्हातारीला देऊन टाका."

सगळे हसले. लंकाबाई हसली नाही. तिनं मान डोलावली. वावरात उभं राहून दिलेला शब्द तिच्या लेखी थट्टेचा नव्हता.

संप मिटला तेव्हा कांद्यांनी मूळ धरून हिरवी पात टाकली होती. मिटला म्हणजे काय मिळालं ते कोणाला नीट सांगता येईना. विचार करू, एवढं आश्वासन मिळालं म्हणे. गुरुजींनी शाळेतली शेळ्यांची लेंडी झाडून काढली आणि घंटा वाजवली. पहिल्या दिवशी पोरं निम्मीच आली. आबांनी नातवाला सिन्नरला नातेवाइकाकडं ठेवून तिथल्या शाळेत घातलं होतं. गुरुजी रस्त्यात भेटले की ते रामराम घालायचे, पण जावईबापू म्हणायचं सोडलं होतं.

आणि बायडाबाई आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, घंटा वाजली, आम्ही शब्दाच्या आहोत. लागण झाली असली तरी खुरपणीला येतो. पुढच्या सालापासून सावड पहिल्यासारखी. महिनाभर पाणवठ्यावर तिच्याशी कोणी शब्द बोललं नव्हतं.

"फक्त एक हाय," बायडाबाई म्हणाली. "पळसवाडीला जाणार म्हणून तुम्ही कोणाला बोलल्या म्हणं. वस्तीवर गेल्या, तर आमच्यात पुन्हा पाय ठेवायचा नाय. मी नाय, गाव म्हणतंय."

ती गेल्यावर गुरुजी माजघरातून बाहेर आले. सगळं ऐकलं होतं. त्यांनी विषय हळूहळू काढला. भिकननं थट्टेत म्हटलं होतं. लताबाई स्वतः कधी मागणार नाहीत. आत्ता कुठं पोरं शाळेत यायला लागलीत, या दिवसांत गावाला आणखी दुखवायचं कशाला. दोन महिन्यांनी जा हवं तर.

"दोन महिन्यांनी कांदे लावत्यात?"

"मी लताबाईंना सांगतो. त्या समजून घेतील."

लंकाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तुमचा एक दगड काढायचा नव्हता ना," ती म्हणाली. "त्यापायी मी माझ्या माहेरात तोंड काळं करून घेतलं. नाय म्हटलं नाय. आता माझा दगड काढाया निघाला."

गुरुजी उठून शाळेला गेले.

पळसवाडीच्या वस्तीच्या वाट्याला पाटाचं पाणी सगळ्यांच्या शेवटी यायचं. म्हणून लताबाईंच्या आईचे, भिमाबाईंचे कांदे मागं राहिले होते. दुसऱ्या दिवशी दहिवर असतानाच लंकाबाई भाकरी बांधून निघाली. वाट पाणवठ्यावरून जायची. बाया घागरी भरत होत्या. ती जवळून गेली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या आणि लांब गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या.

भिमाबाई बांधावर बसून रोपाचे शेंडे खुडत होत्या. वाळकी, उंच, डोळे बारीक. लताबाई शाळेत गेल्या होत्या. वावरात वस्तीतल्या तीन बाया लागणीला होत्या. लंकाबाईनं मी सावड फेडायला आले म्हणून सांगितलं.

"कोणाची गं तू?"

"करंजवाडीच्या गेणूबाबाची थोरली."

म्हातारीचे हात थांबले. "गेणूच्या मळ्यात मी कांदे काढलेत," ती म्हणाली. "तू परकरात व्हतीस." मग तिनं जुडी पुढं केली आणि पाटाकडच्या सगळ्यात चिखलट वाफ्याकडं बोट दाखवलं.

लंकाबाई वाकली. म्हातारी मधूनमधून उठून मागं यायची, लावलेलं रोप बोटानं हलवून बघायची. एकदा म्हणाली पातळ लावतेस, एकदा म्हणाली दाट होतंय. बाकीच्या बाया आपसांत बोलत होत्या, हिच्याशी बोलत नव्हत्या. पाठीत कळ भरली तेव्हा ती क्षणभर उभी राहिली, तर म्हातारी बांधावरून बघत होती.

दुपारी बाया भाकरी सोडायला बाभळीखाली बसल्या. लंकाबाई थोडी अलीकडं बसली. तिनं चटणीभाकर खाल्ली. पाणी आणायचं ती विसरली होती. भिमाबाई मडक्यातून लोटा भरून तिच्यासमोर आली आणि लोटा हातात धरून उभी राहिली.

"हातात घेतीस, का वरून ओतू?" ती म्हणाली. "तुझी आई आम्हाला वरून ओतायची. ओंजळीतून निम्मं सांडायचं."

बायांचं बोलणं थांबलं. लंकाबाईला आई आठवली, बांधावर उंच उभी राहून तांब्या कलता करणारी. तिला तेव्हा त्यात काही दिसलं नव्हतं. तिच्या कानशिलांत गरम झालं. जन्मात कोणी तिला असा प्रश्न विचारला नव्हता. तिनं हात पुढं केला. लोटा घेतला, तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायली. म्हातारी तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होती. रिकामा लोटा घेऊन ती वळली.

दिवस मावळताना लंकाबाईचा वाफ्यांचा पट्टा संपला. पाटात हात धुऊन ती भाकरीचं फडकं गोळा करायला लागली. अंगठ्याची जुनी जखम पुन्हा उघडली होती. भिमाबाई लावलेल्या वाफ्यांतून कडेनं चालत आली, एक रोप उपटून बघितलं, पुन्हा लावलं.

"तुझ्या वावरात आमच्याकडचे कितीजण आले व्हते?"

"सहा."

"मंग उद्या लवकर ये," म्हातारी म्हणाली. "एका दिवसानं फिटत नाय."